अर्ध्या ग्रॅमचा छर्रा आणि देशोदेशींचे ज्यूल

स्पर्धेच्या एअर रायफलचा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅम वजनाचा आणि साडेचार मिलिमीटर व्यासाचा असतो. ऑलिंपिकमधल्या १० मीटर स्पर्धेत तो नळीतून सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगानं सुटतो, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरहून थोडा जास्तच. वेगाचा वर्ग, गुणिले वजन, भागिले दोन हे शाळेतलं गणित मांडलं की ऊर्जा निघते साडेसात ज्यूलच्या आसपास.

आता ही एकच रायफल आणि हा एकच छर्रा घेऊन कागदावर जगभर फिरून पाहू. भारतात या बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नाही. जर्मनीत साडेसात ज्यूलच्या आतली आणि तसा शिक्का असलेली एअरगन अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही दुकानातून घेता येते. डब्लिनमध्ये तीच बंदूक परवान्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात ती 'अ' वर्गातलं अग्निशस्त्र ठरते आणि तिला तोच परवाना लागतो जो पॉइंट टू-टू काडतुसाच्या रायफलीला लागतो, मग त्या काडतुसाची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या घरात का असेना. आणि चीनमध्ये ही बंदूक सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या जवळपास सव्वीस पट भरते. छर्रा तोच, अर्ध्या ग्रॅमचा.

हे सव्वीस पट आलं कुठून, ते नीट पाहायला हवं, कारण तिथेच या विषयातला सगळ्यांत थक्क करणारा आकडा आहे आणि त्या आकड्यानं माणसांची आयुष्यं मोडली आहेत.

बहुतेक देश बंदुकीची ताकद नुसत्या ज्यूलमध्ये मोजतात. चीन ती दर चौरस सेंटिमीटरमागे किती ज्यूल अशी मोजतो, म्हणजे ऊर्जेला नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळानं भागतो. कल्पना म्हणून ती चुकीची नाही. तीच ऊर्जा बारीक टोकावर एकवटली तर जास्त खोल जाते, हे कोणालाही पटेल. प्रश्न मर्यादेचा आहे. ही मर्यादा आहे १.८ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. साडेचार मिलिमीटरच्या नळीचं क्षेत्रफळ भरतं ०.१५९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या नळीला वाट्याला आलेली मुभा जेमतेम ०.२९ ज्यूलची. आपला छर्रा ताशी ११८ किलोमीटरपेक्षा जोरात सुटला की कायद्याच्या लेखी ती बंदूक झाली.

हा आकडा किती खाली आहे हे समजायला क्रिकेटचा चेंडू घ्या. १५६ ग्रॅमचा चेंडू वेगवान गोलंदाजानं ताशी १५० किलोमीटर वेगानं टाकला तर त्यात सुमारे १३५ ज्यूल ऊर्जा असते, ऑलिंपिकच्या छर्र्याच्या अठरा पट. चेंडूच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण ४१ चौरस सेंटिमीटर. भागाकार करून पाहा: ३.३ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. चिनी सूत्र जसंच्या तसं लावलं तर गोलंदाजाचा हात मर्यादेच्या पावणेदोन पटीहून पुढे जातो.

आधी तिथे असं नव्हतं. २००१च्या नियमांत कसोटी लाकडाची होती. एक इंच जाडीची सुकी पाइनची फळी, एक मीटर अंतर, आणि त्या फळीत गोळी रुतली तर ती बंदूक. ही कसोटी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६ ज्यूलच्या बरोबरीची होती. २००७ नंतर लाकूड गेलं आणि त्या जागी उघड्या डोळ्याला होणारी इजा आली. शरीरातला सगळ्यांत नाजूक भाग माप म्हणून धरला आणि मर्यादा एका झटक्यात जवळपास नऊ पटींनी खाली उतरली. काल दुकानात खेळणं म्हणून विकली जाणारी वस्तू आज शस्त्र ठरली, आणि शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा मात्र खऱ्या बंदुकीचीच राहिली.

त्याचे परिणाम २०१६ साली सगळ्या चीननं पाहिले. त्यंजिन शहरात नदीकाठी फुगे फोडण्याचा स्टॉल लावणाऱ्या एक्कावन्न वर्षांच्या एका बाईला पोलिसांनी पकडलं. आपल्याकडे जत्रेत असतो तसाच हा स्टॉल. तिच्याकडच्या नऊ बंदुकांपैकी सहा १.८च्या वर भरल्या. डिसेंबरमध्ये तिला साडेतीन वर्षांची कैद झाली. देशभर लोक हळहळले, चिडले, आणि जानेवारी २०१७ मध्ये वरच्या न्यायालयानं शिक्षा तीन वर्षांची करून ती स्थगित ठेवली. बाई घरी परतली, पण दोषी म्हणूनच.

त्याआधीची हकीकत याहून भयंकर आहे. फूच्येन प्रांतातल्या एका मुलानं २०१४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तैवानमधल्या विक्रेत्याकडून इंटरनेटवर २४ नकली बंदुका मागवल्या. तैवानमध्ये मर्यादा आहे २० ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे समुद्राच्या पलीकडच्या मर्यादेच्या अकरा पट. पार्सल चीनच्या कस्टममध्ये अडकलं. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. एकही गोळी सुटली नव्हती, बंदुका त्याच्या हातातही पडल्या नव्हत्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि सर्वोच्च अभियोक्ता कार्यालयानं मिळून सांगितलं की अशा खटल्यांत नुसती बंदुकांची संख्या मोजू नका. ताकद, हेतू, धोका हे सगळं पाहा. त्या वर्षाच्या अखेरीस मुलाची शिक्षा सात वर्षं तीन महिन्यांवर आली. मर्यादा कुठेही आखा, पण ती जितकी खाली आखाल तितकी शिक्षाही खाली उतरायला हवी, असं मला मनापासून वाटतं. ०.३ ज्यूलला जन्मठेप हा न्याय होऊ शकत नाही.

मग मर्यादा नेमकी कुठे असावी? न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत याचं एक उत्तर मिळतं. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या घरातला शिशाचा छर्रा माणसाची कातडी फोडून आत जायला सेकंदाला साधारण १०० मीटर वेग लागतो. ही ऊर्जा होते पावणेतीन ज्यूलच्या आसपास. डोळा त्याहून खूपच कमी वेगाला जातो. म्हणजे एक ज्यूलचा छर्रा सहसा कातडी भेदत नाही, पण डोळा घालवू शकतो. साडेसात ज्यूलचा छर्रा कातडी सहज भेदतो. आणि वीस ज्यूलचा छर्रा लहान मुलाच्या डोक्याला लागला तर तो खेळण्यातला अपघात राहत नाही. एअरगनचे सगळे कायदे या तीन पायऱ्यांच्या आजूबाजूला कुठेतरी उभे असतात, आणि कोणता देश कुठल्या पायरीवर उभा राहिला याला बहुतेक वेळा विज्ञानापेक्षा त्या देशात घडलेली एखादी घटना कारणीभूत असते.

स्कॉटलंडचं तसंच आहे. ब्रिटनमध्ये १९६९च्या नियमांनी एअर रायफलला १२ फूट-पाउंडांची, म्हणजे १६.२७ ज्यूलची मर्यादा घातली आणि एअर पिस्तुलाला तिच्या निम्मी. बारा पाउंडांचं वजन एक फूट उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा. इंग्लंडमध्ये आजही याच्या आतली रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. पिस्तूल सहा फूट-पाउंडांच्या वर गेलं तर ते थेट बंदी असलेल्या शस्त्रांच्या यादीत जातं. २००५च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या ईस्टरहाउस भागात दोन वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला एअरगनचा छर्रा लागला आणि तो मुलगा गेला. ती बंदूक कोणत्याही परवान्याविना मिळणाऱ्या प्रकारातली होती. त्याच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं परवान्याची मागणी लावून धरली. पण शस्त्रांचा कायदा लंडनच्या संसदेच्या हातात होता, एडिंबराला तो बदलता येत नव्हता. २०१२च्या कायद्यानं एअरगनपुरता अधिकार स्कॉटलंडकडे आला, २०१५ मध्ये स्कॉटिश संसदेनं स्वतःचा कायदा केला आणि ३१ डिसेंबर २०१६ पासून एक ज्यूलच्या वरच्या प्रत्येक एअरगनला प्रमाणपत्र लागू झालं. त्याआधी लोकांनी अकरा हजारांहून जास्त एअरगन पोलिसांकडे आणून दिल्या. पन्नास-साठ लाखांच्या देशात, माळ्यावर आणि गॅरेजमध्ये पडून असलेल्या एवढ्या बंदुका.

आता ट्वीड नदीवरचा कोल्डस्ट्रीमचा पूल डोळ्यांसमोर आणा. नदीच्या एका काठाला इंग्लंड, दुसऱ्या काठाला स्कॉटलंड. इंग्लंडच्या काठावर बारा फूट-पाउंडांच्या आतल्या रायफलीला कुठलाही कागद लागत नाही. पूल ओलांडून तीच रायफल प्रमाणपत्राविना बाळगली तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकाच राज्याच्या पोटात, एकाच राजाच्या छत्राखाली, एका पुलाच्या लांबीत १६.२७ चा आकडा एकावर येतो. उत्तर आयर्लंडमध्येही मर्यादा एक ज्यूलची आहे, आणि शेजारच्या स्वतंत्र आयर्लंडमध्येही तीच. ज्या बेटावर माणसांनी इतकी वर्षं बंदुकीची दहशत सोसली, तिथे दोन्ही सरकारांचं या एका आकड्यावर तरी एकमत आहे. मला स्कॉटलंडचा निर्णय योग्य वाटतो. ज्याला शेतावर उंदीर मारायचे आहेत किंवा क्लबात नेम शिकायचा आहे, त्याला प्रमाणपत्र काढायला अडचण नाही. कोणीतरी एकदा त्याच्याकडे पाहून विचारलं, कशाला हवी, कुठे ठेवणार, एवढंच.

युरोपच्या मुख्य भूमीवर हे आकडे जिन्यासारखे चढत जातात. जर्मनी आणि इटलीत साडेसात, स्वीडनमध्ये दहा, चेक प्रजासत्ताकात सोळा, पोलंडमध्ये सतरा, फ्रान्समध्ये वीस, स्पेनमध्ये २४.२. स्वीडननं नळीच्या तोंडाशी न मोजता चार मीटर पुढे मोजायचं ठरवलं आहे, म्हणजे दहा ज्यूल हे छर्र्यानं थोडी हवा कापल्यानंतरचे. नेदरलँड्समध्ये ताकदीला मर्यादाच नाही, फक्त वय अठरा हवं. म्हणजे जर्मनीत साडेसातच्या वर परवाना मागणारी बंदूक सरहद्दीच्या पलीकडे सरळ विकत मिळते. दोन्ही देशांच्या मध्ये तपासणीचं कायमचं फाटकही नाही.

जर्मनीतली आणखी एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. परवान्याविना विकल्या जाणाऱ्या तिथल्या एअरगनवर पंचकोनात 'एफ' हे अक्षर कोरलेलं असतं. हा साडेसात ज्यूलचा शिक्का. पण १ जानेवारी १९७० पूर्वी बनलेल्या आणि रीतसर बाजारात आलेल्या एअरगनला हा शिक्काही लागत नाही आणि मर्यादाही नाही. पूर्व जर्मनीत बनलेल्या बंदुकांसाठी हीच तारीख २ एप्रिल १९९१ आहे. त्यामुळे एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून, दोन आठवड्यांच्या अंतरानं बाहेर पडलेल्या दोन बंदुकांपैकी डिसेंबर १९६९ची मोकळी आणि जानेवारी १९७०ची परवान्याची, असं होऊ शकतं. आणि आजही कायद्यात जिवंत राहिलेली जर्मनीची फाळणी एखाद्या जुन्या स्प्रिंगच्या बंदुकीच्या तारखेत सापडते.

कॅनडानं दोन अटी जोडून घातल्या. वेग सेकंदाला १५२.४ मीटरच्या वर, म्हणजे बरोबर ५०० फूट, आणि ऊर्जा ५.७ ज्यूलच्या वर. दोन्ही ओलांडलं तरच परवाना. त्यामुळे तिथल्या दुकानांत ४९५ फुटांच्या एअरगन मोठ्या संख्येनं दिसतात, कारण कारखानदारांनी मुद्दाम मऊ स्प्रिंग घालून त्या रेषेच्या पाच फूट आत ठेवलेल्या असतात. रशियात साडेसात ज्यूलपर्यंत मोकळीक, तिथून पंचवीसपर्यंत शिकारीचा परवाना.

जपानचा आकडा ज्यूलचा नाही, माणसांचा आहे. तिथे स्पर्धेसाठी एअर पिस्तूल बाळगण्याची परवानगी देशभरात एका वेळी फक्त ५०० जणांना मिळू शकते. बारुदाच्या पिस्तुलाला ५० जणांना. बारा कोटींहून जास्त लोकसंख्येचा देश, आणि खेळाच्या हवेच्या पिस्तुलासाठी पाचशे खुर्च्या. शाळकरी मुलं तिथे प्रकाशाचा किरण सोडणाऱ्या बीम रायफलीवर नेम शिकतात. खेळण्यातल्या बंदुकांसाठी २००६ पासून वेगळी रेषा आहे, ३.५ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. म्हणजे जपान आणि चीन यांनी एकाच पद्धतीनं मोजलं, आणि आकडा दुप्पट वेगळा निघाला.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकाच्या जोरावर गोळी सोडणारं हत्यार अशी आहे. हवेला स्फोट म्हणत नाहीत, म्हणून संघीय कायद्याच्या नजरेत एअरगन शस्त्रच नाही, मग तिची ताकद काहीही असो. न्यू जर्सीसारखी काही राज्यं तिला शस्त्र धरतात, पण ती अपवादात. आज तिथे अर्ध्या इंचाच्या नळीच्या अशा एअर रायफली मिळतात ज्यांची ऊर्जा १,००० ज्यूलच्या आसपास जाते. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या गोळीत साधारण ५०० ज्यूल असतात. म्हणजे पिस्तूल घेताना दुकानात पार्श्वभूमी तपासली जाते, आणि त्याच्या दुप्पट ताकदीची हवेची रायफल संघीय कायद्यानुसार त्या तपासणीविना घरी येते. चीनची ०.२९ आणि ही १,०००: साडेतीन हजार पटींचं अंतर. मोजमापाच्या दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात दोन देशांचे कायदे एकमेकांपासून इतके दूर असतील असं मला वाटत नाही. इतक्या ताकदीची वस्तू कोणी विचारल्याशिवाय विकली जाणं मला पटत नाही; त्या गोळीनं रानडुक्कर पडतं.

मात्र ही ताकद नवी आहे असं समजू नये. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास जिरार्डोनी नावाच्या कारागिराची एअर रायफल वापरात आणली. मागच्या दस्त्यातच हवेची टाकी, वीसच्या आसपास गोळ्यांची नळी, आणि टाकी पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके. त्या काळात बाकीचे सैनिक एकेक गोळी ठासून भरत होते आणि धुराच्या लोटात आपली जागा उघड करत होते. अशीच एक रायफल अमेरिकी शोधप्रवासी मेरीवेदर लुइसनं पॅसिफिककडे जाणाऱ्या मोहिमेवर सोबत नेली. ३० ऑगस्ट १८०३ रोजी पिट्सबर्गजवळच्या एका बेटावर ती लोकांना दाखवताना नकळत सुटली आणि चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या कानशिलाला गोळी चाटून गेली. बाई वाचली. मोहिमेच्या रोजनिशीतल्या अगदी पहिल्या नोंदीत हवेच्या बंदुकीचा हा अपघात आहे.

भारतात १५ जुलै २०१६ च्या शस्त्र नियमांनी दोन दारं ठेवली आहेत: ऊर्जा २० ज्यूल आणि नळीचा व्यास साडेचार मिलिमीटर. यातलं एकही ओलांडलं तर परवाना. त्यामुळे १९ ज्यूलची साडेचार मिलिमीटरची बंदूक मोकळी, आणि दहाच ज्यूलची साडेपाच मिलिमीटरची मात्र परवान्याची. वीस ज्यूलला आपला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला पावणेतीनशे मीटर वेगानं जातो, ऑलिंपिकच्या वेगाच्या दीडपटीहून जास्त. इंग्लंडच्या मोकळ्या मर्यादेपेक्षा आपली मर्यादा वर आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

या मोकळिकीनं आपल्याला मोठं काही दिलंही आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. १० मीटरच्या रायफल निशाणावर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो, छर्रा त्याच्या नऊ पट रुंद. छर्र्याची कड ठिपक्याला शिवली की दहा, म्हणजे चूक करायला मुभा अडीच मिलिमीटरची. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी चाळीसपैकी चाळीस वेळा दहा मारले, ४०० पैकी ४००, विश्वविक्रमाशी बरोबरी. अंजली भागवत त्याआधी सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. जपानची पाचशे खुर्च्यांची शिस्त किंवा चीनचं १.८ इथे असतं, तर पनवेल-ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरांतल्या किती मुलांच्या हाती रायफल आली असती, कोण जाणे.

पण याच मोकळ्या बंदुकीनं ईशान्येत काय केलं तेही आहे. अरुणाचल प्रदेशात गावोगावी घराघरांत एअरगन होती आणि पोरंसोरंही तिनं पाखरं टिपत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे; परवाना न लागणाऱ्या बंदुकीनं केलेली शिकारही त्याच्याखाली गुन्हा आहे, आणि पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरीही बंदुकीचा कागद नसल्यानं कोणाकडे किती आहेत याची मोजदाद कुठेच नव्हती. १७ मार्च २०२१ रोजी पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावात राज्याच्या वनमंत्र्यांनी एअरगन परत करण्याची मोहीम सुरू केली. सक्ती नव्हती, पैसे नव्हते, कोणावर खटला नव्हता. लोकांनी दोन हजारांहून जास्त बंदुका आपणहून आणून दिल्या. त्या घेताना कोणी ज्यूल मोजले नाहीत.